सुग्रीवाचा वीकेंड

पुण्यात नोकरी करणाऱ्या तरुण माणसाला सप्टेंबर सरता सरता एक स्वप्न पडू लागतं. गणपती उरकलेले असतात, तिमाहीचे आकडे मानगुटीवर बसलेले असतात, हिंजवडीच्या कोंडीत उमेदीची वर्षं क्लचवर पाय ठेवून चाललेली असतात, आणि त्या क्लचवर पाय असतानाच त्याला वाटतं, की एक शनिवार-रविवार गावाला जाऊन निवांत काढावा. या स्वप्नातलं चित्रही ठरलेलं असतं. अंगणात खुर्ची, हातात कॉफीचा मग, मांडीवर गेल्या दिवाळीत घेतलेलं आणि एकोणिसाव्या पानावर खूण घातलेलं पुस्तक, कोवळं ऊन आणि झाडावरून गिरक्या घेत खाली येणारं एक पिवळं पान. हे चित्र डोक्यात घेऊन तो स्वारगेटला बारामतीच्या विनाथांबा गाडीत बसतो आणि बारामतीहून शेजारच्या जळोचीला घरी पोचतो. आता चित्रातली एकेक वस्तू ताडून पाहा. खुर्ची मिळते. कॉफी मिळत नाही, पण चहा इतक्या वेळा मिळतो की तक्रारीला जागा राहत नाही. पुस्तक बॅगेतून बाहेर येत नाही. ऊन मिळतं, मात्र त्याला कोवळं म्हणण्याचं धाडस कुणी करणार नाही. आणि पान? आपल्याकडचा कडुनिंब झडतो फेब्रुवारी-मार्चात. ऑक्टोबरात जळोचीत झाडावरून पान खाली आलंच, तर त्यामागे शेळी असते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शरद ऋतूतला निवांत वीकेंड ही कल्पना त्या पिवळ्या पानाबरोबर परदेशातून उडत आलेली आहे. जिथे ऑक्टोबरात झाडं झोपायला निघतात, अस्वलं गुहा शोधू लागतात, तिथल्या माणसालाही शालीत गुरफटून बसावंसं वाटलं तर ते निसर्गाला धरून आहे. आपल्याकडे, विशेषतः बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, शरद हा झोपलेल्याला उठवण्याचा ऋतू आहे. इथे उसंत शोधायला ऑक्टोबरात येणारा माणूस योग्य गावी चुकीच्या महिन्यात आलेला असतो.

आधी ‘शरद’चाच गोंधळ मिटवू. बारामतीत ‘शरद’ म्हटल्यावर ज्याला ऋतू आठवतो तो बाहेरगावचा समजावा. बाकीच्यांना जे आठवतात त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९४०चा, म्हणजे मार्गशीर्षातला, आणि पंचांगाच्या हिशेबाने मार्गशीर्ष येतो हेमंतात. तात्पर्य, बारामतीचा शरद हेमंतात जन्मला, आणि आश्विन-कार्तिकातला जो खरा शरद, त्याला बारामतीकर ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. दोन्हींचा विश्रांतीशी संबंध जोडण्याची पद्धत तालुक्यात नाही. ही हीट कशी तयार होते तेही साधं आहे. मोसमी वारे परत फिरतात, आभाळ मोकळं होतं, ऊन थेट डोक्यावर येतं. खाली जमीन मात्र अजून ओली असते. वरून भाजणं आणि खालून वाफवणं अशा दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू राहतात, आणि वारा पडलेला असतो. ‘निवांत’ हा शब्द ‘निवात’वरून आला, म्हणजे मुळात वारा नसलेला. या अर्थाने पाहिलं तर ऑक्टोबरातली दुपारची जळोची महाराष्ट्रातल्या कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणापेक्षा निवांत असते. पान हलत नाही. गावाच्या नावातच ‘जळो’ आहे, यात कुणाला काही अर्थ लागत असेल तर तो त्याचा त्याने लावावा.

आता परंपरेची साक्ष काढू. आपल्या वाङ्मयात शरदाची सुट्टी घेणारा पहिला मोठा अधिकारी म्हणजे सुग्रीव. पावसाचे चार महिने सरले की सीतेच्या शोधाला माणसं, म्हणजे वानर, पाठवतो असा शब्द त्याने दिला होता. पाऊस संपला, आभाळ निवळलं, नद्यांचं पाणी नितळ झालं, आणि सुग्रीव किष्किंधेत निवांत पडून राहिला. पुढे काय झालं? लक्ष्मण धनुष्याचा टणत्कार करत दारात आला. इतक्या स्पष्ट शब्दांत ‘डेडलाइन’ची आठवण त्यानंतर फार थोड्यांना मिळाली असेल. वाल्मीकींनी हा प्रसंग किष्किंधाकांडात घातला आहे तो केवळ कथेच्या सोयीसाठी नव्हे. शरद लागला की कामाला लागायचं, हा त्या काळचा सर्वमान्य करार होता. मराठ्यांनी तोच पुढे चालवला. पावसाळ्यात फौजा छावणीला, दसऱ्याला सीमोल्लंघन, की निघाले मुलूखगिरीला. म्हणजे आपल्या पूर्वजांची रजा पावसाळ्यात असे आणि शरदात हजेरी लागे. आपण सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो, पण त्या दिवसाचा मूळ अर्थ ‘सोमवार सकाळ’ असा आहे.

यावर एक हरकत अशी निघेल, की मग चातुर्मासाचं काय? प्रत्यक्ष विष्णू आषाढी एकादशीला झोपतो तो कार्तिकीला उठतो. म्हणजे शरदाचा बराचसा भाग देवच झोपलेला असतो. हरकत बिनतोड दिसते. पण घराघरांतली व्यवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तरही ठाऊक आहे. यजमान झोपले असले तर बाईंना जागं राहावं लागतं. आश्विनात देवी नऊ रात्री घटी बसते, आणि आश्विनी पौर्णिमेला लक्ष्मी मध्यरात्री फिरून ‘को जागर्ति’ असं विचारत जाते. कोण जागं आहे? कोजागरी हे नावच त्या प्रश्नावरून पडलं. आपण त्यावर केशर घातलेलं दूध ओतून त्याची सहल केली, पण मुळात ती रात्रपाळीची अचानक तपासणी आहे, आणि झोपलेल्याच्या पदरी काहीही पडणार नाही असं तिथे साफ सांगितलेलं आहे. ऋतूंमध्ये शरदाएवढा झोपेचा वैरी दुसरा नाही. कवींनी त्याच्या चांदण्याची स्तुती केली हे खरं, परंतु चांदणं पाहायलाही जागंच राहावं लागतं.

दुसरी हरकत अधिक आधुनिक आहे. शरदाचं असेल ते असेल, पण रविवार तर हक्काचा आहे ना? इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण हा रविवार कसा मिळाला ते आपण विसरलो आहोत. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. या मागणीच्या बाजूने जे दाखले दिले गेले त्यांत रविवार हा खंडोबाचा वार, हाही एक होता. आणि सहा दिवस मालकाचे झाले, सातवा समाजाच्या कामाला लावता यावा, अशी भूमिका होती. म्हणजे रविवार मागितला तोच मुळी दुसऱ्या कामासाठी. आता पुण्याहून बारामतीला येणारा रस्ता सासवडवरून घेतला तर जेजुरी वाटेतच लागते, पुढे मोरगाव लागतं. दोन्हीकडे हात जोडून येणारा मुलगा घरी पोचेपर्यंत रविवारच्या मूळ उद्देशातला बराच भाग पार पडलेला असतो, फक्त समाजकार्य बाकी राहतं. ते घरी वाट पाहत असतंच.

शनिवारचं प्रकरण त्याहून अलीकडचं. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला सुट्टी सुरू करण्यामागे काय विचार होता हे सांगता येणार नाही, पण महिनाभरात टाळेबंदी आली आणि सगळेच वार शनिवार झाले, हे सर्वांनी पाहिलं. खरी गोष्ट अशी, की मराठी आठवड्याला शेपूटच नाही. ‘आठवडाअखेर’ हा वर्तमानपत्राच्या टेबलावर जन्मलेला शब्द. घरात तो कुणी उच्चारला तर त्याला ताप आहे का ते पाहतील. आपला आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत मोजला जातो, दोन्ही टोकांचे दिवस धरून आठ, म्हणून तर आठवडा. बारामतीचा बाजार गुरुवारी. म्हणजे काळाचा खुंटा गुरुवारी ठोकलेला आणि पुण्याहून आलेलं वासरू शनिवारी मोकळं फिरायला बघतं. जमायचं कसं?

शिवाय जळोची हे गाव आता गाव म्हणून सापडणं कठीण झालं आहे. २०१२च्या हद्दवाढीत ते बारामती नगरपरिषदेत आलं. एका अंगाला सोसायट्या, एका अंगाला ऊस, मध्ये बाजार समितीचा उपबाजार, जिथे फळं-भाजीपाल्याचे लिलाव चालतात, आणि शेजारी औद्योगिक वसाहत. त्या वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात, फेरेरोची चॉकलेटं बनतात, आणि यंत्राला शनिवार कळत नाही. पाळी बदलली की भोंगा नसला तरी दुचाकींचा आवाज तेच काम करतो. पुण्यातला मुलगा ज्या शांततेच्या ओढीने येतो ती शांतता गावाने वीस वर्षांपूर्वीच मोडीत काढून त्या जागी रस्ता केला. याबद्दल हळहळ त्यालाच जास्त, कारण तो इथे राहत नाही.

पण उरलेला गाव, म्हणजे शेत असलेला गाव, ऑक्टोबरात काय करत असतो? बारामती पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. त्यामुळे कोकणात जेव्हा छत्र्या माळ्यावर जातात, तेव्हा इथल्या जिरायती पट्ट्यात खरी धांदल सुरू होते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरायची, बाजरी काढायची, आणि काढणी-पेरणी एकमेकींच्या पायात येणार नाहीत हे पाहायचं. बागायतीत पूर्वहंगामी ऊस लावायचा, आणि उभ्या उसाला तोड कधी मिळते याची चौकशी करायची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कारखान्यांची बॉयलर पेटवण्याची तयारी चालू असते. गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्री समिती ठरवते. पोरगं गावी आल्यावर काय करणार ते ठरवायला समितीची गरज पडत नाही. इंदापूर तालुक्यातल्या बोरीसारख्या द्राक्षाच्या गावांत ऑक्टोबर छाटणी चालू असते, आणि ही छाटणी माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल लावते. छाटल्यावर काडीवरचे डोळे आपल्या सवडीने फुटतील म्हणून कुणी वाट पाहत नाही. ते झटपट आणि एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ज्या ऋतूत वेलीला औषध चोळून डोळे उघडायला लावतात, त्या ऋतूत संगणक अभियंत्याने साडेनऊपर्यंत झोपण्याची अपेक्षा ठेवावी, हे जरा जास्तच झालं.

या सगळ्या कामांत मुलाला ओढायची जी पद्धत आहे ती मोठी सभ्य आहे. कुणी त्याला काम सांगत नाही. फक्त एक वाक्य म्हणतात: ‘आलाच आहेस तर…’ मुलगी असेल तर ‘आलीच आहेस तर…’, आणि तिच्या बाबतीत या वाक्याला स्वयंपाकघराकडे उघडणारं एक जास्तीचं दार असतं, हा अन्याय जुना आहे. आलाच आहेस तर माळ्यावरचा पितळी हंडा काढून दे. आलाच आहेस तर बाबांच्या मोबाइलवर ई-पीक पाहणी करून दे. २०२१पासून राज्यभर सुरू झालेली ही सोय शेतकऱ्याने स्वतः आपलं पीक मोबाइलवरून नोंदवावं म्हणून आहे, आणि तिच्यासाठी घरी बसून चालत नाही. प्रत्यक्ष गटात उभं राहून फोटो घ्यावा लागतो. त्यामुळे आठवडाभर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी ढगात माहिती साठवणारा माणूस शनिवारी सकाळी गुडघाभर चिखलात, मोबाइल डोक्याच्या वर धरून, रेंजच्या शोधात बांधावरून चालताना दिसतो. ‘तू कम्प्युटरमधला ना?’ एवढ्या एका पात्रतेवर आळीतल्या आणखी तिघांचे सात-बारा त्याच्यापुढे येतात. पुण्यात ज्याला कामाचा आवाका मोठा म्हणून बढती मिळते, त्याला इथे कामाचा आवाका मोठा म्हणून दुसऱ्याच्या शेतात पाठवतात.

परंतु निवांत वीकेंडच्या कल्पनेचा खरा शेवट होतो तो कालव्यावर. पितृपक्षातला शेवटचा रविवार घ्या. तसा पितृपक्ष म्हणजे खरेदी नाही, मुहूर्त नाही, लग्नाची बोलणी नाहीत. इतका मोकळा पंधरवडा पंचांगात दुसरा नसेल असं बाहेरच्याला वाटतं. पण एक तर या दिवसांत घरोघरी म्हाळ असतात, आणि पाच घरची जेवणं जेवणं हे काम नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ती जेवलेली नाहीत. दुसरं म्हणजे घटस्थापना तोंडावर आलेली असते, आणि घट बसण्याआधी घरातली प्रत्येक गोधडी, वाकळ, चादर धुतली गेलीच पाहिजे असा आपल्याकडचा दंडक आहे. बाथरूममध्ये हे होत नाही. वॉशिंग मशीनमध्ये एक जाड वाकळ घातली तर मशीन आधी थरथरतं, मग चालू लागतं, आणि शेवटी दाराशी येऊन थांबतं. म्हणून सगळी गाठोडी छोट्या टेम्पोत टाकून घर निघतं नीरा डाव्या कालव्यावर. हा कालवा इंग्रजांनी १८८०च्या दशकात दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून काढला. त्यामुळे ऊस आला, उसामुळे कारखाने आले, कारखान्यांमुळे बाकी सगळं आलं, हे शाळेच्या पुस्तकात सांगतात. पण पाण्याचं आवर्तन आणि पितृपक्षाचा रविवार एकत्र आला, की तो कालवा कशासाठी काढला ते काठावर उभं राहिल्यावर उमगतं.

गोधडी कोरडी असते तेव्हा ती माया असते. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, मध्ये कुणाचा तरी शाळेचा सदरा, वरून बारीक धावदोरा. तिच्यावर लेख लिहिले जातात. भिजली की ती वस्तुमान होते. जिममधलं वजन तिच्यापेक्षा बरं, त्याला निदान धरायला दांडी असते. ती पाण्यातून काढून दगडावर आणेपर्यंत अर्धा कालवा तिच्याबरोबर चालत येतो. साबण लावून, तुडवून, धोपटून झालं की पिळण्याचा क्षण येतो, आणि इथेच मुलाचं महत्त्व आहे, कारण गोधडी एकट्याला पिळता येत नाही. एक टोक आईच्या हातात, दुसरं त्याच्या. आता यात एक गोम आहे. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजवीकडे पीळ दिला तर गोधडीला वळ पडतो आणि पाणी गळतं. पण मुलगा शिकलेला असतो. आई उजवीकडे फिरवते म्हणजे आपण उलट फिरवायला हवं, असा विचार करून तो डावीकडे फिरवतो, आणि अख्खी गोधडी मधल्या मध्ये पाळण्यासारखी नुसती गोल गोल फिरते. पाणी एक थेंब पडत नाही. आई काही बोलत नाही. शेजारच्या दगडावरच्या काकू बोलतात. मेकॅनिकल शाखेची चार वर्षं, टॉर्कवरचा एक अख्खा पेपर, आणि त्याचा असा जाहीर निकाल नीरा डाव्या कालव्याच्या काठी लागतो. दुसऱ्या गोधडीपासून त्याला जमतं. पाचवीला त्याच्या हाताला फोड येतो. अकरावी त्याची त्याला उचलावीशी वाटते, कारण ती शेवटची आहे असं त्याला कुणीतरी खोटंच सांगितलेलं असतं.

त्यानंतरचे रविवार फराळाचे. ऑक्टोबरचं ऊन वाया घालवायचं नाही, हा इथला नियम, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. गाद्यांना ऊन, डाळींना ऊन, चिवड्याच्या पातळ पोह्यांना ऊन. गच्चीवर जुनी साडी अंथरून तिच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात, वर पोहे पसरतात, आणि राखणीला ‘वर्क फ्रॉम होम’वाल्याला बसवतात. पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप, एका कानात मीटिंग, एका हातात काठी. पलीकडून मॅनेजर ‘एनी ब्लॉकर्स?’ विचारतो तेव्हा याच्यासमोर दोन कावळे आणि एक कबूतर असतं. संध्याकाळी चकल्या. भाजणीचं पीठ घट्ट असतं, सोऱ्या पितळी असतो, आणि जिमची वर्षाची फी भरलेला माणूस घरात एकच असतो. त्या फीचा मोबदला शरीराने दिलेला पाहायचा असेल तर सोऱ्याच्या तिसऱ्या भरीला पाहावा.

कुणी म्हणेल, हे सगळं शेत आणि आई असलेल्यांचं झालं. जळोचीतल्याच सोसायटीत भाड्याने राहणारा, वसाहतीत नोकरी करणारा, बाहेरगावचा अभियंता घ्या. त्याला तर निवांतपणा मिळेल? मिळाला असता, जर सोसायटीत कोजागरी नसती. गच्चीवर मसाला दूध आटवायचं म्हणजे गॅसची टाकी चार मजले वर न्यायला कुणीतरी तरुण लागतो, आणि ‘सेकंड शिफ्ट आहे’ ही सबब चालत नाही, कारण कार्यक्रम मध्यरात्रीच असतो. ऐन दिवाळीतही सुटका नाही. पाडव्याला शरद पवारांच्या गोविंदबागेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग वर्षानुवर्षं लागत आली आहे, आणि पाहुणे ‘बारामतीत आलोच आहोत तर’ म्हणून त्याच्याकडे चहाला डोकावतात. ‘आलोच आहोत तर’ हे ‘आलाच आहेस तर’चंच भावंड आहे, दोन्हींत काम एकाच्याच वाट्याला येतं.

सगळ्यात वजनदार हरकत मात्र वेगळीच, आणि ती बारामती तालुक्यानेच तयार करून ठेवली आहे. पांडुरंग तावरे यांनी पळशीवाडीत २००५च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केलं. शहरी माणसाने शेतावर यावं, बैलगाडीत बसावं, हुरडा-भाकरी खावी, चुलीजवळ बसावं. लोक येतात, पैसे देऊन येतात, आणि निवांत वाटलं असं सांगून जातात. मग गावात निवांतपणा नाही कसा? आहे ना. फक्त तो गिऱ्हाइकासाठी आहे. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला कुणी ‘आलाच आहेस तर’ म्हणत नाही. म्हटलं तरी तो दहा मिनिटं विळा हातात धरून फोटो काढतो आणि विळा परत देतो. जळोचीच्या मुलाकडून विळा परत घेत नाहीत. निवांतपणा हवाच असेल तर त्याने दुसऱ्याच्या गावाला पैसे भरून जावं, हाच यातला एकमेव व्यवहारी मार्ग आहे. काही मुलं तसं करतातही, आणि नेमकी तिथे आणखी कुणाच्या तरी आईची गोधडी वाळत घातलेली पाहून रात्री घरी फोन करतात.

मग पुण्यातच राहिलं तर? ते मला पटलं असतं. पण पुण्यातल्या रविवारी कपडे असतात, आठवड्याची भाजी असते, गाडीचं सर्व्हिसिंग असतं, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर लोकांचे निवांत वीकेंड पाहायचे असतात. ऑफिसच्या कामासारखंच तेही संपत नाही. गोधडीचं एक बरं असतं, ती दुपारी तीनला वाळते. हा काही शरदात निवांतपणा असतो याचा पुरावा नव्हे, हे मी मान्य करतो. उजनीच्या जलाशयावर भिगवण-कुंभारगावला येणारे रोहित पक्षीसुद्धा ऑक्टोबरात येण्याची घाई करत नाहीत. पाणी उतरून दलदल उघडी पडली, थंडी पडली, की सावकाश येतात. ज्यांना खरोखर निवांत बसायचं आहे त्यांनी त्यांचं वेळापत्रक पाहावं.

बाकीच्यांनी पितृपक्षाच्या शेवटच्या शनिवारी रात्रीच निघावं. टेम्पो सकाळी सातला निघतो, कालव्यावरचे सावलीचे दगड साडेसातपर्यंत भरतात. येताना जुने कपडे आणा, आणि पीळ आपापल्या उजवीकडे द्यायचा.